भोंग्याच्या टप्प्यातले गाव

गिरणगाव नावाचे रेल्वे स्थानक नाही, आणि महापालिकेच्या विभागांच्या यादीतही ते नाव आढळत नाही. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, प्रभादेवी, वरळी, डिलाईल रोड या वस्त्यांना मिळून लोकांनीच हे नाव दिले आणि लोकांनीच ते टिकवले. या भागावर मराठीत थोडे लिहिले गेले आहे असेही नाही. कविता आहेत, कथा आहेत, नाटके आहेत, चळवळीच्या आठवणी आहेत. त्यातले बरेचसे आम्ही वाचले होते. तरी वाचलेले गिरणगाव आणि पायांखालचे गिरणगाव यांत काही अंतर आहे काय, हे पाहावे म्हणून आम्ही काही मित्र एका रविवारी सकाळी चिंचपोकळी स्थानकावर उतरलो. लालबाग, परळ, परळ गाव असे हिंडत संध्याकाळी प्रभादेवीच्या पुलावर पोहोचलो. एकूण वाटचाल चार-पाच किलोमीटरांची असेल. मोटारीने जाणाऱ्याला एवढेही लागत नाही. २०११ साली खुला झालेला लालबागचा उड्डाणपूल त्याला या सगळ्या वस्तीच्या डोक्यावरून काही मिनिटांत पलीकडे नेऊन सोडतो.

रविवार निवडला तो सोयीसाठी. परंतु याच रस्त्यांवर रविवारचा इतिहास आहे, हे चालता चालता आठवले. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली आणि ती १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतरची तीसहून अधिक वर्षे गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधु' पत्रातून मागणी लावून धरली, आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये वारले. आज रविवारी घरी बसणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न आम्हांला आमच्यापासूनच विचारावा लागला.

चिंचपोकळीहून लालबागकडे येताना पहिल्यांदा जाणवते ती दाटी. चाळीला लागून चाळ, चाळीच्या तळाला दुकान, दुकानापुढे पदपथावर आणखी एक दुकान. ही दाटी दारिद्र्यामुळे झाली असे सरसकट म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गिरणीत कायम कामगारांबरोबर 'बदली' कामगारांची मोठी फौज असे. बदलीवाल्याने रोज पाळी सुरू होण्याआधी दारात हजर राहायचे. कोणाचा खाडा पडला असेल तर त्याच्या जागी काम, नाही तर परत. काम देणे-न देणे मुकादमाच्या हाती. तेव्हा दारापासून आणि मुकादमापासूनही दूर राहून चालण्यासारखे नव्हते. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी नोंदवले आहे की १९२० च्या दशकात मुंबईतल्या दर दहा गिरणी कामगारांपैकी सुमारे नऊ जण कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरात राहत होते. हा आकडा आम्ही पूर्वी वाचला होता आणि विसरलोही होतो. त्याचा अर्थ कळला तो या गल्ल्यांतून चालताना. गिरणीचा भोंगा जेथवर ऐकू जाई, तेथवर हे गाव पसरले होते. सकाळी सातची पहिली पाळी, साडेतीनची दुसरी, मध्यरात्रीची तिसरी: भोंगा झाला की एका पाळीची माणसे रस्त्यावर येत आणि दुसरीची आत जात. त्याच भोंग्यावर घराघरांतली चूल पेटे, आणि मुलांना शाळेसाठी उठवले जाई.

अंतर एवढे आखूड असल्याचे परिणाम घराच्या आतपर्यंत पोहोचले होते. कामगार मुख्यतः रत्नागिरीकडचे आणि सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरच्या जिल्ह्यांतले. बायकामुले बहुधा गावी. एकेका गावाच्या मंडळाने चाळीत खोली घेतलेली असे आणि तीत त्या गावचे दहा-वीस पुरुष राहत. हे जमण्याचे कारण पाळ्यांचे गणित: एक तुकडी कामावर गेली की तिची जागा झोपायला दुसरीला मिळे. जेवण खानावळीत. या खानावळी बहुतांशी बायकाच चालवीत, आपल्याच खोलीत, आपल्याच चुलीवर. मीठमिरचीपासून धान्यापर्यंत सारे उधारीवर आणायचे, सावकाराचे व्याज भरायचे आणि कामगाराचा पगार होईपर्यंत थांबायचे, असा हा व्यवसाय. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच त्यांच्या कामाला 'धंदा' म्हणून मान्यता मिळाली. गिरण्यांच्या आतही एके काळी कामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे तो सतत घटत गेला. गिरणगावाचा इतिहास आपण भोंगा आणि मोर्चा यांवरून सांगतो. तो चुलीवरूनही सांगता येईल, आणि कदाचित अधिक नेमका सांगता येईल.

लालबागच्या बाजारात त्या चुलीची खूण अजून आहे. मसाल्याच्या दुकानांसमोर उभे राहिले की नाकाला झिणझिण्या येतात. भाजलेल्या मिरच्या, धणे, खोबरे डंखावर कुटून देण्याचे काम येथे चालते, आणि उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून घेण्यासाठी उपनगरांतून बायका येतात. त्यातल्या अनेकींचे माहेर किंवा सासर पूर्वी याच गल्ल्यांत होते. घर विरारला किंवा डोंबिवलीला गेले, मसाल्याचा डंख मात्र बदलला नाही. जवळच चिवडा गल्ली. या बाजाराचा आणि येथल्या प्रसिद्ध गणपतीचा संबंधही फारसा सांगितला जात नाही. पेरू चाळीतला बाजार बंद पडल्यावर उघड्यावर बसणाऱ्या कोळी आणि फेरीवाल्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये त्यांनी गणपती बसवला. लालबागच्या राजाची ही सुरुवात. शेजारच्या गणेश गल्लीचा गणपती त्याहून सहा वर्षांनी जुना. आज रांगेत उभ्या राहणाऱ्या लाखो लोकांपैकी प्रत्येकाचे मागणे वेगळे असेल. मूळ मागणे पोटापाण्यासाठी चार हात जागेचे होते.

येथवर आलो तोपर्यंत आमच्या बोलण्यात एक हळवा सूर शिरला होता. एकोप्याचे गाव, एकमेकांच्या सुखदुःखाचे गाव, सगळे मोडले, असा. परळला पोयबावडीजवळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीपुढे उभे राहिल्यावर तो सूर आम्हांलाच खटकला. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी हा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. येथल्याच चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. परदेशातून पदव्या घेऊन ते परतले ते याच खोल्यांत, आणि १९३० च्या दशकात दादरच्या 'राजगृहा'त गेले तेही येथूनच. जवळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी त्यांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला.

त्या काळात गिरणीतले सर्वांत बऱ्या पगाराचे काम साचेखात्यातले, म्हणजे विणकामाचे. ते मराठा आणि मुसलमान विणकरांच्या हाती होते. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. कारण असे दिले जाई की धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते आणि एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागते. म्हणजे एका पाळीत, एका छपराखाली, एकाच भोंग्यावर काम करणाऱ्या माणसांमध्ये सुताच्या टोकाएवढी रेघ होती आणि ती ओलांडता येत नव्हती. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप गिरणी कामगार युनियनच्या लाल बावट्याखाली झाला. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर यांचा तो काळ. त्या संपकाळात आंबेडकरांनी साचेखात्याचा हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला. ज्या एकजुटीचे आपण गोडवे गातो ती एकजूट त्यांच्या लोकांना कोणत्या दारापर्यंत घेऊन जाणार, असे ते विचारत होते. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून पाहावे लागतात. गिरणगावात एकोपा होता असे म्हणण्यापेक्षा तो घडवावा लागत होता, दर वेळी नव्याने घडवावा लागत होता, असे म्हणणे खरे ठरेल. तो मोडलाही जात होता. ५ जून १९७० रोजी येथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून येऊन शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याच्या गल्लीवर भगवा फडकला. घरे तीच होती, पुष्कळदा माणसेही तीच.

एकोपा घडवण्यासाठी जागा लागतात, आणि त्या जागाही चालत जाण्याजोग्या असाव्या लागतात. दामोदर हॉल ही तशी जागा. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९२० च्या दशकाच्या आरंभी ते नाट्यगृह उभारले. दिवसा साचा चालवणारे रात्री तेथे रंग लावून उभे राहत. कोकणातले नमन आणि शक्ती-तुरा यांनाही तेथे हक्काचा मंच होता. २०२३ मध्ये ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आंदोलन केले, कारण येथे पाडलेले सगळेच पुन्हा उभे राहते असा अनुभव नाही. परळ नाक्यावरची दळवी बिल्डिंग म्हणजे लाल बावट्याची कचेरी. नरे पार्क, कामगार मैदान ही सभांची मैदाने. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचे आवाज येथूनच महाराष्ट्रभर गेले. नारायण सुर्व्यांसारखा कवी याच परिसरात एका गिरणी कामगाराच्या घरी सांभाळला गेला आणि वाढला. या सगळ्या जागा आम्ही एका दुपारी, न थकता, एकामागून एक पाहिल्या. पाळी सुटल्यावर सभेला जाणाऱ्यालाही तेवढाच वेळ लागत असणार.

केईएम रुग्णालयाच्या पुढे हाफकिन संस्थेची जुनी वास्तू आहे. येथे परळचा इतिहास एकदम दीडशे वर्षे मागे सरकतो. मूळची ही जेझुइट पाद्र्यांची जागा. इंग्रजांनी ती ताब्यात घेतली आणि १७७१ पासून मुंबईचा गव्हर्नर येथे राहू लागला. तेव्हाचे परळ म्हणजे मोकळी हवा, बागा आणि बड्यांचे बंगले. पुढे गिरण्या आल्या, धूर आला, वस्ती वाढली. १८८२ मध्ये गव्हर्नरची पत्नी लेडी फर्ग्युसन याच घरात पटकीने वारली आणि त्यानंतर काही वर्षांतच गव्हर्नरचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. रिकाम्या बंगल्यात १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. परळ बड्यांनी सोडले आणि कामगारांच्या वाट्याला आले, हे या वास्तूच्या इतिहासात लिहिलेले आहे. आज उलटी पावले पडत आहेत. हाफकिनच्या परिसरातून मान वर केली की चारही दिशांना काचेचे मनोरे दिसतात. बडे परत आले आहेत. फक्त या वेळी बंगल्याऐवजी चाळिसाव्या मजल्यावर.

आणखी मागेही जाता येते. १९३१ मध्ये परळहून शिवडीकडे रस्ता करताना जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. सुमारे साडेतीन मीटर उंच, एकातून एक उमलल्यासारख्या सात शिवाकृती, आणि त्यांच्या पायाशी वाद्ये वाजवणारे गण. अभ्यासक तिचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक मानतात. ती परळ गावातल्या बारादेवीच्या देवळात आहे. अजिंठा-घारापुरीच्या तोलाचे हे शिल्प पाहायला वाट विचारत जावे लागते, आणि वाट सांगणारे आजोबा अजूनही बंद पडलेल्या गिरणीच्या नावाने वळण सांगतात. आम्हांला तशीच सांगितली. गिरणीच्या जागी आता काय आहे हे त्यांना ठाऊक होते. तरीही खूण म्हणून नाव आले ते गिरणीचेच.

परतताना उजेड कमी झाला होता. बंद गिरण्यांच्या भिंतींच्या कडेने जाताना बोलणे साहजिकच १९८२ वर आले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे, आणि १९४६ च्या ज्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता तो रद्द करणे, या मागण्या होत्या. संप मोडला, परंतु तो मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. १९९७ च्या जानेवारीत सामंतांचाही खून झाला. गिरण्या संपाने बंद पडल्या असे म्हणण्याचा प्रघात आहे. जुनाट यंत्रे, यंत्रमागांशी स्पर्धा, नफा गिरणीत पुन्हा न घालण्याची मालकांची वृत्ती ही कारणे संपाच्या आधीपासूनची होती. आणि संपानंतर एक नवे कारण निर्माण झाले: कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मौल्यवान ठरली.

ही जमीन थोडीथोडकी नव्हती. अठ्ठावन्न गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर, आणि तीही शहराच्या मध्यभागी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली होती: ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाकडे घरांसाठी, आणि उरलेला भाग मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने साऱ्या जमिनीचा एकत्रित विचार करणारा आराखडाही दिला. तो बाजूला पडला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारती पाडल्यावर मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली. गिरणीचे आवार म्हणजे बहुतेक बांधकामच. तेव्हा 'मोकळी' या एका शब्दाच्या अर्थात शहराची मैदाने आणि घरे गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही दुरुस्ती मालकांच्या बाजूने वाचायला नकार दिला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

या शब्दार्थाचा हिशेब कागदावर राहिला नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि त्यांत काम करणारी लाखो माणसे आली. ती पंधरा मिनिटांच्या अंतरात राहणारी नव्हती. ती रेल्वेने येत आणि जुन्याच अरुंद पुलांवरून उतरत. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, तेव्हा एल्फिन्स्टन रोड म्हणवणाऱ्या स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मेले. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला. स्थानकाचे नावही बदलून प्रभादेवी झाले. आम्ही त्या पुलावर उभे होतो. रविवार असल्याने गर्दी बेताची होती. जेथे लोक चालतच कामाला जात, त्या भागात चालायलाच जागा उरली नाही म्हणून माणसे मेली, ही गोष्ट दिवसभर चालून आलेल्या आम्हांला फार लागली.

गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्नही याच पुलावरून पाहावा असे आम्हांला वाटते. २०१२ साली गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांची मोठी सोडत निघाली. घरे काही हजार, अर्ज लाखाहून अधिक. त्यानंतर पनवेलजवळचे कोन आले, आणि मग शेलू-वांगणी. २०२५ च्या जुलैमध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले ते 'आम्हांला मुंबईतच घर द्या' म्हणत. हा हट्ट आहे, फुकट मिळतेय तर दूर का होईना घ्यावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्यातही एक जण सकाळपर्यंत याच मताचा होता. परंतु या माणसांच्या दोन-तीन पिढ्यांनी दहा बाय बाराची खोली, सामाईक नळ आणि सामाईक संडास सोसला तो कशाच्या मोबदल्यात? गिरणी, शाळा, केईएम, बाजार, मैदान, युनियनची कचेरी आणि नाटकाचा हॉल हे सारे पायांनी गाठता येत होते म्हणून. खोली लहान होती, पण तिच्याबरोबर सगळे शहर मिळत होते. वांगणीला खोली मोठी मिळेलही. हे बाकीचे तिच्यासोबत येणार नाही. मागणी चौरस फुटांची आहे असे समजून आपण तिचा विचार करतो. ती अंतराची आहे.

पुलाखालून विरारची जलद गाडी धडधडत गेली. आमच्यातल्या तिघांना त्याच दिशेने जायचे होते. तिघांचेही आजोबा याच गावात पाळीला जात, आणि त्यांतल्या कोणालाही कामावर जाण्यासाठी कधी तिकीट काढावे लागले नव्हते.